अभ्यागत विद्वान आणि त्याचा शेजार

विद्येसाठी दूरदेशी गेलेल्या माणसांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. त्यांनी कोणत्या गुरूपाशी अध्ययन केले, कोणती पदवी मिळविली, कोणता ग्रंथ लिहिला, हे त्यांत सविस्तर दिलेले असते. त्या माणसाने परक्या गावी पहिल्या रात्री काय खाल्ले, थंडीत अंगावर काय पांघरले आणि आपण होऊन त्याच्याशी पहिला शब्द कोण बोलले, ह्याची नोंद मात्र चरित्रकार क्वचितच ठेवतो. आज मला ह्या राहून गेलेल्या भागाविषयी बोलावयाचे आहे; कारण परदेशी गेलेल्या अभ्यासकाची विद्या फळाला येते की नाही, हे पुष्कळदा तेथेच ठरते अशी माझी समजूत आहे.

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी व अभ्यागत विद्वानांसाठी एक स्वतंत्र कार्यालय असते. ते कार्यालय वेळोवेळी एक लहानसे वार्तापत्र काढते. त्यात संशोधनाविषयी फारसे काही नसते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घ्यावयाची आहेत, मिळकतीवरील कराचे विवरणपत्र एप्रिलच्या मध्यापर्यंत भरावयाचे आहे, अमुक चर्चच्या तळघरात शनिवारी जुने गरम कोट स्वस्तात मिळतील, गुरुवारी दुपारी इंग्रजी संभाषणाचा वर्ग आहे व मुलांना सोबत आणल्यास हरकत नाही, ज्यांना काही महिन्यांपुरती पातेली, गाद्या किंवा पाळणा हवा असेल त्यांनी त्या उसन्या न्याव्यात, अशा स्वरूपाचा तो मजकूर असतो. घरात धूर झाला की छताला बसविलेली घंटा आपोआप कर्कश वाजू लागते, ह्याची सूचनाही एखाद्या अंकात असते. आपल्याकडची मोहरीची खमंग फोडणी त्या घंटेला आगीसारखीच वाटते, आणि सारी इमारत रस्त्यावर येऊन उभी राहते! हा प्रसंग तिकडे गेलेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांनी अनुभवलेला आहे.

वरवर पाहता हा सारा किरकोळ मामला आहे. ज्याला अणूचे विभाजन कळते त्याला घड्याळ मागे घ्यावे हे कळणार नाही काय, असे कोणी विचारील. पण परक्या देशात माणूस अडतो तो अणूपाशी अडत नाही. प्रयोगशाळेत काय चालते ते त्याला ठाऊक असते. किंबहुना त्याचसाठी त्याला बोलावलेले असते. तो अडतो तो घरमालकाच्या करारपत्रापाशी, आजारी मुलाला कोठे न्यावे ह्या प्रश्नापाशी, आणि रविवारी दुपारी. रविवारची दुपार ही परदेशी अभ्यासकाची मोठी परीक्षा असते. ग्रंथालय बंद, सहकारी आपापल्या घरी, आणि खोलीत आपण एकटे.

ह्या रविवारच्या दुपारीवर आपल्या पूर्वजांनी एक उपाय काढला होता, तो म्हणजे वार लावून जेवण्याचा. पुण्यास विद्येसाठी आलेला गरीब मुलगा सात घरी सात वार ठरवून घेत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ज्यांना तेवढेही साधत नसे ते माधुकरी मागत. ह्या रीतीने किती मुले शिकून मोठी झाली ह्याची गणती नाही. जेवणाच्या निमित्ताने त्या मुलाला सात घरे मिळत, सात गृहिणी त्याची विचारपूस करीत, आणि एखाद्या वारी तो आला नाही तर आजारी आहे की काय म्हणून कोणीतरी पाहून येई. अमेरिकन विद्यापीठांत आज गावातील एखादे कुटुंब एका परदेशी विद्यार्थ्याला आपला पाहुणा मानते व सणासुदीला जेवावयास बोलावते. ती योजना मला आपल्या वाराचीच दूरची बहीण वाटते.

परंतु वाराची थोरवी गाताना त्याचे कुंपणही सांगितले पाहिजे. वार जातीच्या आत लागत असे. ज्या मुलाला त्या कुंपणाबाहेर ठेवले होते त्याला विद्येच्या त्या गावी सात घरे तर राहोच, एक ओसरीही मोकळी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली, तेव्हा हे कुंपण मोडण्याचे काम त्यांनी जेवणाच्या पंक्तीपासूनच सुरू केले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अभ्यागताचे आतिथ्य ही दयेची गोष्ट आहे, तशीच ती कोणाला आपल्या पंक्तीत घ्यावयाचे ह्या निर्णयाचीही आहे.

आता एका मराठी मुलीची हकीकत पाहू. आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या तेथवर कशा पोहोचल्या? त्यांचे पती गोपाळराव ह्यांनी, कोल्हापुरास मिशनरी म्हणून राहून गेलेल्या वाइल्डर नावाच्या गृहस्थांना पत्र लिहिले होते. ते पत्र अमेरिकेत एका नियतकालिकात छापले गेले. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर ह्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. कार्पेंटरबाई विदुषी नव्हत्या, कोणत्या संस्थेच्या चालकही नव्हत्या. त्यांनी पत्र लिहावयास घेतले आणि समुद्रापलीकडच्या एका अनोळखी मुलीची मावशी झाल्या. आनंदीबाई कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना न्यावयास मावशीच आल्या होत्या. महाविद्यालय ऑक्टोबरात सुरू व्हावयाचे होते. मधला सारा उन्हाळा त्या मुलीने रोझेलच्या घरात काढला. त्या घरातल्या स्वयंपाकघरात, मुलांत, शेजारपाजाऱ्यांत तिची अमेरिकेशी ओळख झाली.

महाविद्यालयानेही कमी केले नाही. तेथील प्रमुख रेचेल बॉडले ह्यांनी आनंदीबाईंवर लोभ केला. तरीही फिलाडेल्फियाची थंडी, निरामिष अन्नाची अडचण आणि अभ्यासाचा भार ह्यांनी त्यांची प्रकृती खचत गेली. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा गोपाळरावांनी मावशींकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, ती ठेवलेली आहे.

आनंदीबाईंचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ चे ते आहे. महाविद्यालयाच्या प्रमुखांनी दिलेल्या स्वागतसमारंभाच्या दिवशी ते काढले. त्यात तिघीजणी आहेत: मध्ये जपानच्या केई ओकामी, एका बाजूस आनंदीबाई, दुसरीकडे दमास्कसच्या साबात इस्लांबूली. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. छायाचित्र सुंदर आहे आणि त्या महाविद्यालयाला भूषणावह आहे, ह्यात शंका नाही. तरी ते पाहताना मला किंचित अस्वस्थ वाटते. विद्यापीठांना परदेशी अभ्यासक असे पाहावयास आवडतात: तिघी ओळीने बसलेल्या, देशोदेशीचे वस्त्र नेसलेल्या, समारंभाला शोभा आणणाऱ्या. आजही अशी छायाचित्रे दर वर्षी निघतात आणि माहितीपुस्तकांच्या मुखपृष्ठावर झळकतात. छायाचित्र काढून झाल्यावर त्या तिघी रात्री कोणत्या खोलीत परतल्या आणि ती खोली पुरेशी ऊबदार होती का, हे त्या चित्रात दिसत नाही.

ह्याच प्रश्नाने एक माणूस पुढे अस्वस्थ झाला. त्याचे नाव हॅरी एडमंड्स. १९०९ सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका थंड सकाळी एडमंड्सने समोरून जाणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याला सहज नमस्कार केला आणि तो पुढे गेला. तो विद्यार्थी जागच्या जागी थबकला. आपल्याला ह्या शहरात येऊन तीन आठवडे झाले, आणि आपल्याशी बोलणारे आपण पहिलेच, असे त्याने सांगितले. लाखो माणसांच्या गावात तीन आठवडे! एडमंड्स घरी गेला आणि त्याने ही गोष्ट पत्नीला सांगितली. मग त्या दांपत्याने रविवारी संध्याकाळी परदेशी विद्यार्थ्यांना आपल्या घरी फराळाला बोलावण्यास आरंभ केला. घर अपुरे पडू लागले, मंडळ निघाले. अखेर धाकट्या जॉन रॉकफेलरच्या देणगीतून १९२४ साली हडसन नदीच्या काठी ‘इंटरनॅशनल हाऊस’ उभे राहिले. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांसह एका छपराखाली राहावे, ही त्यामागील कल्पना.

कॅलिफोर्नियात बर्कलेला असेच दुसरे घर बांधावयाचे ठरले तेव्हा मात्र गावाचे खरे रूप दिसले. एडमंड्सने हेतुपुरस्सर अशी जागा निवडली की जेथे विद्यार्थ्यांच्या उच्चभ्रू मंडळ्यांची घरे होती. परदेशी व कृष्णवर्णी विद्यार्थ्यांना त्या घरांत प्रवेश नव्हता. गोरे आणि काळे, पौर्वात्य आणि पाश्चात्य, शिवाय मुलगे आणि मुली एका इमारतीत राहणार म्हणताच गावात खळबळ उडाली. निषेधाच्या सभेला आठशेहून अधिक लोक जमले. घरमालकांना आपल्या मालमत्तेच्या किमतीची चिंता पडली. डिलाइला बीझली नावाच्या कृष्णवर्णी पत्रकार स्त्रीने त्या संतप्त सभेत ह्या योजनेची बाजू उचलून धरली. १९३० साली ते घर उघडले आणि आजही ते तेथे आहे. नमस्कार करावयास धैर्य लागत नाही. शेजारी म्हणून राहावयास जागा द्यावयाची, तर ते लागते.

एडमंड्सचे रविवारचे फराळ चालू होते त्या काळातच, १९१३ च्या जुलैमध्ये, एक बावीस वर्षांचा मराठी तरुण त्याच कोलंबियात येऊन दाखल झाला. भीमराव आंबेडकर प्रथम विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये उतरले. मग ते कॉस्मॉपॉलिटन क्लबात राहावयास गेले, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना ह्या पारशी मित्राबरोबर त्यांनी बिऱ्हाड केले. ही मैत्री जन्मभर टिकली. तीन वर्षे ते तेथे होते; पुढे लंडनला गेले. परदेशातील त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एका वसतिगृहातील खोलीने आणि एका मित्राने केवढे काम केले ते पाहा!

१९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी परतले. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच पहिला प्रश्न उभा राहिला तो कोठे उतरावे हा. हिंदू खाणावळीत थारा नव्हता. एका पारशी उतारूगृहात पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले. गावात दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही सबब सांगितली. कोलंबियाचा तो विद्वान सार्वजनिक बागेत जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस निघून गेला. परक्या खंडात ज्याला बिऱ्हाड मिळाले, त्याला ज्या महाराजांनी परदेशी धाडले त्यांच्याच राजधानीत ते मिळाले नाही.

अभ्यागत विद्वानाच्या वाट्याला येणारा आणखी एक प्रसंग आहे, तो मानाचा. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले. हेन्री क्लार्क वॉरन ह्या दिवंगत पंडिताने हाती घेतलेले ‘विसुद्धिमग्ग’ ह्या पाली ग्रंथाचे संपादन पुरे करण्यासाठी त्यांना बोलावले होते. पाली भाषेवर त्यांचे प्रभुत्व असे की ते त्यांनी सिंहलद्वीपात आणि ब्रह्मदेशात भिक्षूंजवळ बसून कमावले होते. परंतु तेथील प्रमुख प्राध्यापक लॅनमन ह्यांच्याशी संपादनाच्या श्रेयावरून त्यांचे तीव्र मतभेद झाले, आणि ते १९१२ मध्ये परत आले. पुढे ते पुन्हा तेथे गेले, काम पुरे केले. आणि तो ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५० साली, कोसंबींच्या देहावसानानंतर तीन वर्षांनी. पाहुण्याला जेवू घालणे सोपे असते. त्याचे नाव मुखपृष्ठावर योग्य जागी घालणे हे आतिथ्याचे अधिक अवघड अंग आहे, आणि कोणत्याही वार्तापत्रात त्याची सूचना नसते.

विद्वानाचे एक वेळ निभते. त्याला ग्रंथालय असते, टेबल असते, नावाची पाटी असते. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचे काय? पुष्कळदा ती त्याची पत्नी असते. अलीकडे पती येतो अशीही उदाहरणे आहेत. आपल्या गावी शिक्षिका, वकील किंवा डॉक्टर असलेली ही व्यक्ती परदेशी एकाएकी कोणीच नसते. काही प्रकारच्या व्हिसांवर आलेल्या जोडीदाराला तेथे नोकरी करण्याची मनाई आहे. दिवसभर चार भिंती आणि खिडकीबाहेर बर्फ. माझ्या मते गुरुवारचा तो इंग्रजी संभाषणाचा वर्ग हे विद्यापीठाचे एक अत्यंत महत्त्वाचे पीठ आहे. तेथे एक जपानी, एक ब्राझिली आणि एक मराठी स्त्री अशा तिघी मोडक्या इंग्रजीत बाळाच्या दातांविषयी बोलत बसतात. तिघींनाही भाषेचे बंधन सारखेच असते, म्हणून कोणी कोणाला हसत नाही.

येथे आपल्या मंडळींविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळे जुनी व भरभराटीची आहेत. त्यांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. नव्याने गेलेल्या माणसाला विमानतळावरून आणणे, पहिल्या रात्री वरणभात वाढणे, हे तेथील मराठी माणसे मनापासून करतात. त्या उबेचे मोल मोठे आहे. पण ती ऊब इतकी सोयीची असते की काहीजण वर्षानुवर्षे तिच्यातून बाहेरच पडत नाहीत. जपानी शेजारीण कोण हे त्यांना ठाऊक होत नाही. सातही वार आपल्याच आळीत लागल्यासारखे होते.

हे झाले आपण पाहुणे असतानाचे. आपण यजमान असतो तेव्हा? १९२३-२४ ह्या शैक्षणिक वर्षाशी आजची तुलना करावयास नको. गेल्या काही वर्षांतील आकडेच पुरे आहेत. २०२३-२४ साली अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. २०२१-२२ साली भारतात सर्व देशांचे मिळून परदेशी विद्यार्थी होते सुमारे ४७ हजार. त्यांत सर्वांत मोठा वाटा आपल्या शेजारच्या नेपाळचा. अफगाणिस्तान, बांगलादेश, येमेन आणि आफ्रिकेतील अनेक देश येथूनही विद्यार्थी येतात. संख्या लहान आहे म्हणून आपली परीक्षा सोपी असावयास हवी होती.

ती तशी झालेली नाही. २०१७ च्या मार्चमध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली. त्याआधीच्या वर्षी बंगळुरात एका टांझानियन विद्यार्थिनीवर जमावाने हात टाकला होता. ज्या अपघाताने लोक भडकले त्याच्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. असे प्रसंग वृत्तपत्रांत येतात. जे येत नाही ते रोजचे असते: खोली रिकामी आहे असे दूरध्वनीवर सांगणारा घरमालक दारातला चेहरा पाहून, आताच भाड्याने गेली म्हणतो. परदेशी माणसाला घरात ठेवले की चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावे लागते, तेवढी कटकट कोणाला नको असते, हे मी समजू शकतो. पण ती कटकट नेपाळी, जर्मन आणि सुदानी अशा तिघांसाठी सारखी मानली जाते काय?

आपल्याला हे जमतच नाही असे मात्र नाही. रवींद्रनाथांनी १९२१ साली विश्वभारती स्थापिली तेव्हा पॅरिसचे सिल्व्हाँ लेव्ही तेथे पहिले अभ्यागत प्राध्यापक म्हणून आले. १९२८ साली चीनहून तान युन-शान नावाचे तरुण पंडित आले. १९३७ साली त्यांच्या परिश्रमाने तेथे चीनभवन उभे राहिले, आणि ते पंडित आपल्या देशी कायमचे परत गेले नाहीत. १९८३ साली बुद्धगयेस त्यांचे निधन झाले. पाहुणा म्हणून आलेला माणूस पंचावन्न वर्षे राहिला, ह्याहून यजमानाला आणखी कोणते प्रशस्तिपत्र हवे?

पुण्याचे उदाहरण अधिक जवळचे आहे. विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या परिसरात इराणी, अफगाण, येमेनी, आफ्रिकी विद्यार्थी अनेक वर्षे आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडले तेव्हा पुण्यातील अफगाण विद्यार्थ्यांची स्थिती चमत्कारिक झाली. घरून येणारे पैसे थांबले, मुदत संपलेल्यांना परत जाण्याची भीती, आणि आईवडिलांचा फोन लागेना. अशा वेळी त्या मुलाला काय हवे असते? मुदतवाढीचा अर्ज कोठे करावयाचा हे सांगणारे कार्यालय हवे असते, हे खरेच. त्याचबरोबर त्या आठवड्यात आपल्याकडे जेवावयास ये, असे म्हणणारे एक घर हवे असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालय असावे असे सुचविले आहे. कार्यालये निघतील, पाट्या लागतील. माझी मागणी लहान आहे. त्या कार्यालयाने दर आठवड्याला एक पान छापावे आणि ते सोप्या इंग्रजीत व सोप्या मराठीत असावे. त्यात समारंभाचे छायाचित्र नसले तरी चालेल. अनंत चतुर्दशीला कोणते रस्ते बंद राहतील ते त्यात असावे. गॅसची टाकी कशी नोंदवावी, पिठाच्या गिरणीत गहू कसे द्यावे, रिक्षा मीटरने कशी ठरवावी, रात्री उघडे असणारे औषधाचे दुकान कोठे आहे, कोणत्या मशिदीत, चर्चमध्ये वा विहारात प्रार्थना केव्हा असते, हे असावे. खोली देण्यास तयार असलेल्या घरमालकांची नावे असावीत, आणि ज्यांनी एकदा खोली दिली त्यांचा अनुभवही. रविवारी दुपारी कोणाच्या घरी वार आहे तेही शेवटच्या ओळीत असावे. आणि महिन्यातून एकदा ती ओळ उलटी असावी: येत्या रविवारी येमेनी विद्यार्थी आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर स्वयंपाक करणार आहेत, आळीतील मंडळींनी यावे, येताना आपापले ताट आणावे.